देव माझ्याच बाजूचा

२ फेब्रुवारी १९८६, रविवार

आज सकाळी सकाळी देवाशी भांडले.

रवळनाथ काही बोलला नाही. दगडाचाच तो, वीतभर. पण ह्यांच्यासमोर कसा हसरा दिसायचा! आता विद्याधर त्याच्यावर तांब्या असा उपडा करतो, जणू कुणाची स्कूटर धुतोय. ना फूल नीट, ना गंध. म्हटलं, अरे, तुझे बाबा तासभर पूजा करायचे. तर म्हणतो, "आई, बाबांना सेकंड शिफ्ट असायची."

हे जाऊन तीन महिने होत आले. दिवाळीत गेले. आदल्या दिवशी चांगल्या करंज्या खाल्ल्या आणि मला म्हणाले, "खोबरं जरा जास्त भाजलंस." तेच शेवटचं बोलणं! ज्या माणसाने जन्मभर देवाचं नाव घेतलं त्याने जाताना खोबऱ्याचं घेतलं.

ही डायरी विद्याधरने कंपनीतून आणली. गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहून ठेव म्हणाला. ठेवली. बाकीची पानं माझी.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. पण इथे कोण बघतंय? काशीराम. लिहिलं. काही झालं नाही.

५ फेब्रुवारी

शेजारची शकु आली होती मेथी निवडायला. साताऱ्याकडची पोर, आमच्याकडचं काही तिला कळत नाही. म्हणाली, "काकी, काका ते हात जोडून काय ओरडायचे हो?"

ओरडायचे म्हणे! गाऱ्हाणं घालायचे. आमच्या कोकणात देवाला सांगितल्याशिवाय काम सुरू होत नाही. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावात ते सणावाराला, देवळात. ह्यांनी ते घाटकोपरच्या भटवाडीत आणलं, आणि तेही सगळ्यालाच. कुकर आणला त्या दिवशीचं माझ्या कानात अजून आहे — "बा रवळनाथा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान ह्यो कुकर हाडलेलो आसा. ह्येची शिटी येळेवर होऊ दे, ह्येचो रबर टिकू दे, आनी कोणाची वाकडी नदर आसात तर ती वाफेवांगडा भायर जाऊ दे रे म्हाराजा!" आम्ही तिघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. दारात सिलिंडर घेऊन गॅसवाला भय्या उभा होता, त्यानेही म्हटलं. ह्यांनी त्याला नारळाची वाटी दिली. तो पुढच्या वेळी न सांगता चप्पल काढून आत आला.

शकु हसून हसून लोळली. मग एकदम रडायलाच लागली. मग मीही. मेथी तशीच राहिली, रात्री पिठलं केलं.

९ फेब्रुवारी

बोरिवलीच्या स्थळाचा निरोप आला. मुलगा चंद्रप्रकाश, बँकेत आहे, स्वतःचा ब्लॉक. आमच्या सुलक्षणाचा फोटो आवडला म्हणे. देवापुढे साखर ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाट लागली.

सुलक्षणा म्हणाली, आई, बस, मला सांगायचंय. मी पोळ्या लाटत होते, बसले नाही. बसायला हवं होतं. अंधेरीला ती ज्या इलेक्ट्रॉनिकच्या कंपनीत जाते तिथे मशीन दुरुस्त करणारा मुलगा आहे. मार्तंड. राहायला मढला. कोळी!

म्हटलं, कोळी म्हणजे? म्हणाली, कोळी म्हणजे कोळी. बापाची होडी आहे, आई बाजारात बसते. म्हटलं, तू उद्या टोपली घेऊन बसणार? म्हणाली, "आई, तू रोज बाजारात कोळणीशी भांडून बांगडे आणतेस, ते कोण पकडतं? बँकवाले?"

उलट बोलायला बापाने शिकवलं. लाडाने.

वर वेळ नाही. घरातला कर्ता माणूस गेला की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. म्हणजे ज्येष्ठापर्यंत काय ते ठरलं पाहिजे. बँकवाला तीन वर्षं थांबणार नाही. तो कोळी थांबेल असं वाटतं. हीच तर भीती.

१७ फेब्रुवारी

बोलत नाही तिच्याशी. डबा दिला. बांगड्याचाच होता. मुद्दाम नव्हे, दुसरं काही नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मानखुर्दहून तुळशीदास भावोजींना बोलावून घेतलं. ह्यांचे धाकटे भाऊ. माझ्यासमोर अजून मान वर करून बोलत नाहीत. सगळं ऐकलं, डोकं खाजवलं, म्हणाले, "वैनी, कौल लावया."

हो की! माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आमच्या घरात मोठं काही ठरलं ते कौलावरच. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक दाणा पाण्याने चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरचा दाणा आधी पडला तर होय, डाव्यावरचा पडला तर नाही. ह्यांनी असंख्य वेळा लावला. विद्याधरला कुठल्या शाळेत घालायचं? टीव्ही घ्यायचा की शिलाई मशीन? ह्यांच्या आत्याला आमच्याकडे ठेवून घ्यायचं का?

ह्यांची एक पद्धत होती. आधी मला विचारायचे, "वना, तुका काय वाटता?" मी सांगायचे. मग आंघोळ करून कौल लावायचे. आणि देव नेमकं तेच सांगायचा! शिलाई मशीन — उजवा. आत्या — डावा. सत्तावीस वर्षांच्या संसारात देव माझ्याच बाजूचा. सासूबाई तर म्हणायच्या, हिच्या अंगात काहीतरी आहे.

एकदाच फिरला. ब्याऐंशीच्या संपात. गिरणी बंद, घरात दाणा नाही, मी म्हटलं खोली विकू नि गावी जाऊ. कौल डावा आला. जायचं नाही. महिनाभर मी देवाला फूल वाहिलं नव्हतं. मग ह्यांना मुलुंडच्या कारखान्यात गेटवर नोकरी लागली आणि मी गुपचूप जास्वंद वाहिली.

तर ठरलं. प्रश्न एकच: सुलक्षणा मढला द्यायची का? सुलक्षणानेही लगेच मान डोलावली. मला वाटलं होतं आकांत करील. बरं झालं. देव काय सांगणार ते मला माहीत आहे.

२ मार्च, रविवार

काय लिहू! हसू की रडू.

भावोजी सोवळं नेसून बसले. दाणा चिकटवायच्या आधी माझ्याकडे बघत, चिकटवल्यावर माझ्याकडे बघत. पाणी इतकं लावलं की दाणे रवळनाथाच्या खांद्यावर पोहायला लागले. ते पडतात कसले! आम्ही सगळे उपाशी, कौल होईपर्यंत खायचं नाही. सूर्य डोक्यावर आला. "देव इचार करता," भावोजी म्हणाले. विद्याधर म्हणाला, देवाला सांगा, आमटी थंड होतेय.

मग त्याला उकडलं. आणि गाढवाने पंखा लावला!

एक दाणा देव्हाऱ्यामागे उडाला. दुसरा शोधून शोधून भावोजींच्या मिशीत सापडला. आता मिशीतला कुठला, उजवा की डावा? विद्याधर म्हणे मिशी देवाच्या उजव्या अंगाला होती. भावोजी म्हणे देवाचा उजवा म्हणजे आपला डावा, आनी माझी मिशी मधे आसा. दोघं देव्हाऱ्यासमोर उलटसुलट फिरून हात वर करून दाखवत होते. सुलक्षणा पदरात तोंड घालून हसत होती. तिला हसू येतंच कसं? जन्माचा प्रश्न आहे तिच्या.

ह्यांच्या हातून कधी असं झालं नाही. ह्यांचे दाणे कसे शहाण्यासारखे पडायचे.

८ मार्च

घरात कोणी नव्हतं. मीच लावला. बायकांनी लावायचा नसतो. पण ह्या वर्षी नसतं ते फार झालंय.

पंखा बंद. खिडकी बंद. डोळे मिटून म्हटलं, बा रवळनाथा, तुला माझं मन माहीत आहे.

उजवा पडला.

पुन्हा लावला. देवाला म्हटलं, नीट ऐक, मढ म्हणतेय मी, मढ! बोरिवली नव्हे.

उजवा.

दाणे केरात टाकले. कोणाला सांगणार नाही.

९ मार्च, रविवार

सुलक्षणाने केर काढताना दोन तांदूळ बघितले. डिटेक्टिव्ह आहे मेली. "आई, तू लावलास ना? काय आला?" म्हटलं, तांदूळ निवडत होते, सांडले. म्हणाली, "उजवा आला ना?"

मग मीच ओरडले. म्हटलं, असं कसं होईल! तो संप सोडला तर आजवर देव माझ्याविरुद्ध गेलेला नाही. तर तिने हातातली केरसुणी खाली ठेवली. आणि हळू म्हणाली, "आई, तुला खरंच माहीत नाही?"

काय माहीत नाही?

तिने तांब्या आणला. माझ्यासमोर देवाच्या डाव्या खांद्यावर चांगलं ओलं करून दाणा लावला. उजव्यावर नुसतं बोट टेकवून लावला. दोन मिनिटांत उजवा खाली. मग उलट करून दाखवलं. डावा खाली. "बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. म्हणाले, आईला आधी विचारायचं, मग पाणी लावायचं."

म्हणजे शिलाई मशीन? "तुला हवं होतं ना." आत्या? "तुला नको होती ना." तिरुपतीच्या यात्रेला गेलो ते? "आई, बाबांना तर बस लागते."

मी खाली बसले. विद्याधर म्हणाला, मलाही माहीत होतं. शकुलाही माहीत होतं!! साताऱ्याच्या शकुला!

रात्री झोपताना सुलक्षणा म्हणाली, "मी कौलाला का हो म्हटलं माहितेय? मला वाटलं, तू मला आधी विचारशील. बाबांसारखं."

१० मार्च

देवाला दिवा नाही. ह्यांच्या फोटोलाही नाही.

११ मार्च

भोंदू माणूस! पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ, सोमवारचा उपास, कपाळभर गंध. आणि देवाच्या खांद्यावर पाणी कमीजास्त! मला माझ्या तोंडावर विचारून घ्यायचं आणि मग देवाच्या तोंडून तेच सांगायचं. अहो, मग सरळच सांगायचं ना, वना, तुझ्या मनासारखं कर! सासूबाईंच्या समोर सांगता आलं नसतं, ते खरं. भाऊबंदांच्या समोरही नाही. बायकोचं ऐकतो म्हणून गावभर झालं असतं.

हं.

१२ मार्च

फोटोला दिवा लावला. फोटोलाच. देवाला नाही.

१६ मार्च, रविवार

मानखुर्दला गेले. भावोजींना म्हटलं, खरं सांगा. ते आधी रडकुंडीला आले. मग चहा प्यायले आणि बोलले. पुरतं लिहून ठेवते.

"वैनी, मी दादाक एकदा इचारलंय, देवाक फसयतस? तर म्हणालो, फसयतंय खय रे? तेका सगळा दिसता. तेका पटला नसता तर दाणो पडलोच नसतो. आनी घर सांभाळता ती. तिका इचारल्याबगर देव तरी येगळा काय सांगतलो?"

मी म्हटलं, मग संपात? तेव्हा का माझ्या मनासारखं नाही केलं?

भावोजींनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "त्या दिवशी दादान दोनय दाण्यांक सारख्याच पाणी लायला. घाबरलेलो. म्हणालो, तुळश्या, वना म्हणता जाव्या, माझा मन म्हणता रव्हाया. पोरांच्या तोंडातलो घास आसा, आज माका काय्येक समजत नाय. आज तेकाच सांगूक व्हया. माका भायर बसयल्यान, दार लायल्यान. मगे भायर इलो नि म्हणालो, डावो. घामान भिजलेलो."

बसमध्ये सगळा रस्ता रडत आले. कंडक्टरने तिकिटाचे सुट्टे पैसे न मागता दिले.

देवाला दिवा लावला.

३० मार्च, रविवार

कृष्णाबाई आली. त्या मार्तंडची आई! न सांगता, न सवरता, मढहून घाटकोपर, डोक्यावर टोपली. दारात उभी राहिली तशी सगळी चाळ गॅलरीत. अंगावर सोनं माझ्या सात पिढ्यांत नाही एवढं. टोपलीत पापलेटं — ताटाएवढी!

बसली, पाणी प्यायली, आणि सरळच: "काय गो वनमालाताय, आमचे हातची मच्छी खातंस, न आमचे घरान पोरी द्याला भिवतंस?"

म्हटलं, मासे चांगले आहेत. म्हणाली, पोरगा बी चांगला हाय. म्हटलं, कशावरून? म्हणाली, "माजे पोटचा हाय!" आणि अशी हसली की मलाही हसू आलं. मी ते दाबलं. मग म्हणाली, मालक गेलं ना तुजं? माझाबी भाऊस गेला दर्यान. आणि माझा हात धरून नुसती बसून राहिली. एवढा वेळ कुणी नुसतं बसलं नव्हतं माझ्याजवळ. सगळे सांत्वन करून जातात.

जाताना म्हणाली, तू ये, घर बघ, मग नाय म्हण.

पापलेट तळली. विद्याधर म्हणाला, आई, मी मढला जायला तयार आहे.

१० एप्रिल

पाडवा. दुखवट्याचं वर्ष, गुढी नाही. शकुने श्रीखंड पाठवलं. खाल्लं. बोरिवलीवाल्यांचा निरोप आला, काय ते लवकर कळवा म्हणून. अजून कळवलेलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

दोन्ही पोरांना घेऊन मढला जाऊन आले. वर्सोव्याहून होडीत बसले, डोळे मिटून, रवळनाथाचं नाव घेत. पलीकडे उतरले तर सगळीकडे बोंबील वाळत घातलेले. वासाने आधी नाक धरलं. मग भूक लागली.

एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं. विद्याधर तिकडेच गायब. घर ठीक आहे. स्वच्छ. देव्हारा आमच्यापेक्षा मोठा, कृष्णाबाई होडी लोटायच्या आधी नारळ फोडते म्हणाली. मी म्हटलं, गाऱ्हाणं घालता? म्हणाली, गाऱ्हाणा काय, आमी देवाशी भांडतंव. ही बाई माझ्यासारखीच निघाली.

मार्तंडला मी खोदून खोदून विचारलं. लग्नानंतर नोकरी करू देणार? राहणार कुठे? रात्रपाळी किती? उंच, काळा, दात चांगले. जास्त बोलत नाही. पण प्रत्येक प्रश्नाला आधी तो सुलक्षणाकडे बघायचा. तिचं तोंड बघून मग उत्तर द्यायचा. "ती म्हणते तसं." "हिला विचारून सांगतो." एकदा तर कृष्णाबाईने विचारलं, तुला भात किती वाढू? तर तेव्हाही त्याने तिच्याकडेच बघितलं!

मला एकदम ह्यांची इतकी आठवण झाली की घास गिळेना. कृष्णाबाई म्हणाली, काटा लागला काय? म्हटलं, हो, काटा.

१४ एप्रिल

सुलक्षणाला विचारलं. "सुलु, तुला काय वाटतं?" दोन महिन्यांत पहिल्यांदा. ती कणीक मळत होती. हात तसेच माझ्या गळ्यात. पाठीला सगळी कणीक लागली. म्हणाली, आई, मला तोच हवाय. मग दोघी रडलो.

भावोजी म्हणतात, कौल लागूक व्हयो. गावातले इचारतले, दादाच्या चेडवाचा लगीन देवाक इचारल्याबगर कसा? ते पण खरंच. पुढच्या रविवारी लावायचा. मढचे पण येणार. भावोजींना सांगितलं, ह्या वेळी मी लावणार. त्यांनी मिशीला हात लावला आणि लगेच हो म्हणाले.

पाणी कुठल्या खांद्यावर जास्त ते आता मला माहीत आहे. सोपं आहे.

१९ एप्रिल

सोपं नाही.

बापाविना पोर आहे. कोळीवाड्यात रमली नाही तर? आमचे भाऊबंद तिला तोडतील तर? माझं मन हो म्हणतं, पण माझं मन बोरिवलीलाही हो म्हणालं होतं. माझ्या मनाचा काय भरवसा? मी पाणी कमीजास्त करून देवाच्या गळ्यात घालू आणि पोरीचं वाटोळं झालं तर कोणाला विचारू? ह्यांना कसं जमायचं? झोपायचे कसे हे रात्री? घोरत!

ह्यांनी भीती वाटली तेव्हा खरंखरं विचारलं होतं. मीही खरंच विचारणार. दोन्हीकडे सारखं पाणी.

२० एप्रिल, रविवार

सगळ्यांना बाहेर बसवलं. भावोजी, विद्याधर, सुलु, कृष्णाबाई, मार्तंड. मधलं दार लावलं. दोन्ही दाण्यांना सारखं पाणी लावलं, बोट मोजून. हात जोडून गाऱ्हाणं घातलं, हळू, कारण बाईने घातलेलं गाऱ्हाणं बाहेर ऐकू जायला नको. मग बसले. पाय बधिर झाले.

डावा पडला.

मी देवाकडे बघितलं. तो माझ्याकडे. म्हटलं, असू दे. आता तू आणि मी बघून घेऊ. दाणा उचलला, तोंडात टाकला, चावून खाल्ला. पदराने डोळे पुसले, दार उघडलं.

"उजवा," मी म्हटलं.